सुईच्या अग्रावरची साक्ष

आपल्याकडे मूल गुटगुटीत असले की सारे घर सुखावते. गाल वर आलेले, पोट पुढे आलेले, मांड्यांना वळ्या पडलेल्या. शेजारीण कौतुक करून जाते आणि तिची पाठ वळताच आजी मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढते. डॉक्टर असतो तो हाडकुळ्या, किरकिऱ्या पोरासाठी. ज्या मराठवाड्याने १९७२ चा दुष्काळ पाहिला, सुकडीवर दिवस काढले, तिथे भरल्या अंगाच्या लेकराविषयी कोणाला संशय यावा तरी कसा?

बहुतेक वेळा संशयाचे कारणही नसते. पण अगदी थोड्या मुलांच्या बाबतीत हे बाळसे खोटे असते. चेहरा पुनवेच्या चंद्रासारखा गोल होतो, अंग सुटते, पण उंची मात्र थांबते. काहींच्या बाबतीत उलटे घडते. उंची झपाट्याने वाढते, तीन-चार वर्षांच्या मुलीच्या जांघेत केस दिसू लागतात, आवाज घोगरा होतो, तोंडावर मुरूम येतात, अंगाला मोठ्या माणसासारखा घामाचा वास येतो. मुलगा असेल तर तो त्या वयातच ‘बाप्या’ दिसू लागतो आणि घरातले हसून तो विषय सोडून देतात. मुलगी असेल तर हसणे नसते, लपवणे असते. आई तिला अंघोळसुद्धा दार लावून घालते.

याचे मूळ पोटात असू शकते. दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन इवल्या ग्रंथी आहेत. डॉक्टर त्यांना ॲड्रिनल म्हणतात, पाठ्यपुस्तकी मराठीत अधिवृक्क. मोठ्या माणसातही एकेकीचे वजन चार-पाच ग्रॅमच भरते. इटलीच्या युस्टाकियसने सोळाव्या शतकात त्यांचे वर्णन करून ठेवले, पण त्या बिघडल्या तर माणूस दगावतो हे दाखवून द्यायला १८५५ मध्ये लंडनच्या थॉमस ॲडिसनला यावे लागले. या ग्रंथीला फळासारखी बाहेर साल आणि आत गर असतो. साल स्टेरॉइड जातीची संप्रेरके तयार करते, गर ॲड्रिनॅलिन. सालीत गाठ झाली तर वर सांगितलेली सोंगे दिसतात. लहान मुलांत गराच्या पेशींपासून होणारी गाठ वेगळी, तिचे नाव न्यूरोब्लास्टोमा. तिच्यात मूल गुटगुटीत होत नाही, खंगते. पोटात घट्ट गोळा लागतो, हाडे दुखतात म्हणून ते लंगडते, कधी डोळ्यांभोवती मार लागल्यासारखे काळे-निळे होते. घरच्यांना वाटते, कुठेतरी पडला असेल.

आता हिशेब मांडू. सालीच्या गाठी अतिशय दुर्मीळ. पाश्चात्त्य देशांच्या नोंदी पाहिल्या तर पंधरा वर्षांखालच्या एक कोटी मुलांमागे वर्षाला दोन-तीन. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८५ हजार होती. त्यात अशी मुले सात-आठ लाख धरली, तर साऱ्या जिल्ह्यात चार ते सात वर्षांत एक मूल. न्यूरोब्लास्टोमा त्या मानाने पुष्कळ, दहा लाख मुलांमागे वर्षाला दहाच्या आसपास. म्हणजे त्याच दराने जिल्ह्यात वर्षाला सात-आठ. हा अंदाज आहे, पण त्यातून एक गोष्ट कळते. परळीचा किंवा माजलगावचा एखादा हुशार डॉक्टर उभी हयात दवाखान्यात घालवील आणि सालीची गाठ असलेले एखादेच मूल त्याच्यासमोर येईल. कदाचित येणारही नाही. जे आयुष्यात एकदा दिसायचे, ते ओळखायचे कसे, हा खरा प्रश्न आहे.

परळी तालुक्यातल्या सिरसाळ्याची अशी एक मुलगी कल्पनेनेच डोळ्यांसमोर आणू. सिरसाळा काही आडरानातले खेडे नाही. रस्त्यावरचे मोठे गाव आहे, परळी जवळ, अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय, खास ग्रामीण भागासाठी म्हणून काढलेले. नकाशावर पाहिले तर या मुलीला काही कमी नाही. पण दसरा सरला की तिचे आईबाप कोयत्यावर जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फेडायला पश्चिम महाराष्ट्र नाही तर कर्नाटक गाठायचे, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परतायचे. मुलगी सोबत असते, नाही तर आजीजवळ. शाळा आणि अंगणवाडीतल्या मुलांच्या तपासणीसाठी २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके गावोगाव फिरतात, ही फार चांगली गोष्ट आहे. परंतु पथक अंगणवाडीत येते तेव्हा ही मुलगी उसाच्या फडात, पाचटाच्या कोपीत असते. दवाखाना गाठलाच, तर गोल चेहऱ्याचे कारण बहुधा दुसरेच निघते. खोकल्या-खाजेसाठी कोणीतरी दिलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा मलम. मुलांचा चेहरा असा फुगण्याचे सर्वांत नेहमीचे कारण तेच असते आणि डॉक्टरांनी आधी तेच विचारावे हे योग्यच आहे. पण गोळ्या घेतलेल्या नसतील तर पुढे काय, इथे रस्ता संपतो.

तो रस्ता पुढे कसा जावा? इथे एका साध्या सुईची गोष्ट सांगितली पाहिजे.

१९३० मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमध्ये हेस मार्टिन हे शल्यचिकित्सक आणि त्यांचे तंत्रज्ञ एडवर्ड एलिस यांनी गाठीत सुई घालून, पिचकारीने ओढून, आलेला थेंब काचपट्टीवर पसरून तपासण्याची रीत प्रसिद्ध केली. अमेरिकेने तिच्याकडे फारसे लक्ष दिले नाही. तुकडा कापून पाहिल्याशिवाय निदान नाही, हा तिथल्या पॅथॉलॉजिस्टांचा बाणा. पुढे १९५०-६० च्या दशकांत स्वीडनच्या कारोलिन्स्का संस्थेत फ्रांझेन, झायीचेक यांनी आणखी बारीक सुई वापरून ही विद्या वाढवली आणि ती आपल्या देशात आली तेव्हा इथलीच होऊन गेली. याचे कारण उघड आहे. भूल नको, टाका नको, खाट नको. लस टोचायच्या सुईच्या जाडीची सुई, काचपट्टी, दोन रंग आणि सूक्ष्मदर्शक एवढ्यावर अहवाल तयार होतो, पुष्कळदा त्याच दिवशी. मानेच्या गाठीत क्षय आहे की आणखी काही, हे आज तालुक्याच्या गावीसुद्धा याच तपासणीतून कळते. लोक म्हणतात, ‘गाठीतलं पाणी काढून तपासलं.’ डॉक्टर म्हणतात एफएनएसी.

पोटातल्या गाठीपर्यंत ही सुई सोनोग्राफीच्या नजरेखाली नेता येते. गराची गाठ असेल तर काचपट्टीवर लहान, गोल, गडद पेशी दिसतात, कधी फुलाच्या पाकळ्यांसारख्या गोलाकार मांडलेल्या. ही मांडणी बोस्टनच्या जेम्स होमर राइट यांनी १९१० मध्ये नोंदवली आणि आजही ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. सालीची गाठ असेल तर पेशी निराळ्या, तेलाच्या बारीक थेंबांनी भरलेल्या. पुष्कळदा पेशी फुटून नुसती केंद्रके फेसाळ पार्श्वभूमीवर विखुरलेली दिसतात. शंका राहिली तर त्याच पेशींवर खास रंगांच्या परीक्षा करून त्या कुठल्या कुळातल्या आहेत हे ठरवता येते. लहान मुलांच्या पोटातला गोळा मूत्रपिंडाचा, लसिकाग्रंथींचा, गराचा की सालीचा, यावर औषध ठरते. चौघांची औषधे चार वेगवेगळी. न्यूरोब्लास्टोमा तर निदानाच्या वेळी निम्म्याहून अधिक मुलांत पसरलेला असतो. तिथे आधी चाकू नव्हे, आधी औषध लागते, आणि औषध द्यायला आधी नाव लागते. ते नाव सुई आणून देऊ शकते.

पण हे सांगताना थांबून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण अर्धवट माहिती ही अज्ञानापेक्षा वाईट. ‘गाठीला सुई लावली की कॅन्सर पसरतो’ ही आपल्याकडची जुनी भीती. मानेच्या किंवा स्तनाच्या गाठीच्या बाबतीत तिच्यापायी तपासणी टाळणे म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणे. गंमत अशी की, ॲड्रिनलच्या सालीची गाठ ही अशी जागा आहे की जिथे खुद्द तज्ज्ञच हात आखडता घेतात. या गाठीचे आवरण फुटून पेशी पोटात सांडल्या तर आजार परतण्याचा धोका वाढतो. म्हणून रक्त-लघवीतली संप्रेरके आणि सीटी स्कॅन यांवरून सालीची गाठ दिसत असेल आणि ती काढण्याजोगी असेल, तर ती न टोचता, अखंड काढावी, असा आजचा संकेत आहे. सुईची पाळी येते ती गाठ कुठल्या अवयवाची तेच ठरत नसेल, ती काढण्याजोगी नसेल किंवा आजार यकृता-फुप्फुसांत पसरलेला असेल तेव्हा. आणखी एक गाठ असते, गरातलीच, फिओक्रोमोसायटोमा नावाची. मुलांत ती विरळा, पण तिला बेसावध टोचले तर रक्तदाब एकाएकी आभाळाला भिडू शकतो. म्हणून सुईच्या आधी रक्तदाब पाहायचा आणि रक्ताची किंवा लघवीची परीक्षा करायची. सुई कुठे टोचावी हे शिकवता येते. कुठे टोचू नये हे ज्याला कळले, तो खरा जाणकार.

दुसरी मर्यादा त्याहून खोल आहे. मी बँकेत उभा जन्म काढला. तिथे नमुना सहीचे कार्ड असते. धनादेशावरची सही त्या कार्डाशी जुळवून पाहायची, हे काम मुरलेला कारकून एका नजरेत करतो. पण सही खातेदाराचीच आहे एवढेच त्यातून कळते. हा माणूस कर्ज फेडील की बुडवील, हे सहीवरून कळत नाही. पेशीचेही तसेच आहे. ही सालीची पेशी आहे एवढे ती सांगते. गाठ सौम्य निघेल की उलटेल, हे सांगत नाही. संपूर्ण गाठ काढून तपासली तरी लहान मुलांत हे कोडे पुरते सुटत नाही. मोठ्यांसाठी वाइस यांनी १९८४ मध्ये घालून दिलेले निकष मुलांना लावले, तर सूक्ष्मदर्शकाखाली भयंकर दिसणाऱ्या कित्येक गाठी प्रत्यक्षात गरीब निघतात. म्हणून २००३ मध्ये अमेरिकेत वीनेके आणि सहकाऱ्यांनी ८३ रुग्णांच्या गाठी तपासून मुलांसाठी निराळे निकष मांडले. त्यांत पेशींच्या रूपाइतकेच महत्त्व गाठीच्या वजनाला आणि आकाराला आहे. ४०० ग्रॅमच्या वरची गाठ धोक्याची. म्हणजे तागडीसुद्धा इथे साक्षीला येते.

मग सर्वांत भरवशाचे काय? लवकर लक्षात येणे. जगभरातल्या अशा २५४ मुलांच्या नोंदींचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. वयाचा मध्य तीन वर्षांच्या थोडा पुढे आणि शंभरातल्या सुमारे ८४ मुलांत अकाली वयात आल्याची चिन्हे बाहेरून दिसत होती. गाठ लहान असताना पूर्ण निघाली त्यांतली बहुतेक मुले वाचली. पसरल्यावर आलेली फार थोडी. आजार पोटात दडलेला, पण त्याची पाटी मुलाच्या अंगावर लावलेली. ती वाचायला कुठलेही यंत्र लागत नाही.

यावर कोणी म्हणेल, मग सरसकट साऱ्या मुलांची तपासणी करा. तेही शहाणपणाचे नाही. जपानने १९८५ च्या सुमारास सहा महिन्यांच्या बाळांची लघवी तपासून न्यूरोब्लास्टोमा शोधण्याची देशव्यापी मोहीम सुरू केली. गाठी पुष्कळ सापडल्या. पण त्यांतल्या कित्येक आपोआप विरून जाणाऱ्या होत्या. मुलांना विनाकारण शस्त्रक्रिया आणि औषधे सोसावी लागली. २००३-०४ मध्ये मोहीम थांबवली. उलट दक्षिण ब्राझीलच्या पाराना राज्यात सालीच्या गाठी इतर जगाच्या दहा-पंधरापट आढळतात. तिथे २००१ मध्ये त्यामागचा जनुकीय दोष सापडला. पुढे १ लाख ७१ हजारांवर नवजात बाळांची तपासणी होऊन ४६१ बाळांत तो दोष निघाला आणि त्यांच्यावर लक्ष ठेवल्याने गाठी लहान असतानाच हाती लागल्या. ज्याच्या गावी जे दुखणे, त्याचा उपाय त्याच्या गावाला साजेसा हवा.

आपल्या गावाला साजेसा उपाय कोणता, याचे उत्तर आपल्या शेजारीच पडून आहे. बार्शीला १९८२ मध्ये नर्गिस दत्त यांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय उभे राहिले. तिथे टाटा रुग्णालयाच्या डॉ. कस्तुरी जयंत यांच्या पुढाकाराने १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. नोंदणी करणारे कार्यकर्ते केवळ आकडे टिपत बसले नाहीत. खेडोपाडी जाऊन त्यांनी बायकांना लक्षणे समजावून सांगितली, आणि काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्ण आधीपेक्षा लवकरच्या अवस्थेत दवाखान्यात येऊ लागल्या. पुढे त्याच मंडळींनी आताच्या धाराशिव, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १ लाख ३१ हजारांवर स्त्रियांचा अभ्यास केला. त्यात पेशींची तपासणी, विषाणूची तपासणी आणि नुसत्या डोळ्यांनी पाहणे या तिन्ही रीती पारखल्या गेल्या. २००९ मध्ये त्याचे निष्कर्ष जगापुढे आले. मृत्यू जवळपास निम्म्यावर आणले ते विषाणूच्या तपासणीने; पेशींच्या तपासणीला तसे यश आले नाही. म्हणजे कुठली परीक्षा कुठे कामाची, हे जगाला मराठवाड्यातल्या शेतमजूर बायांनी शिकवले. त्यांच्या लेकरांना तेवढे ज्ञान परत मिळायला नको का?

याच बीड जिल्ह्यात निदानाविना काय होते तेही आपण पाहिले आहे. ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा गवगवा झाल्यावर २०१९ मध्ये सरकारला समिती नेमावी लागली. पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. अवयव काढायला तत्पर आणि पेशी पाहायला आळशी, अशी ही वैद्यकी गरिबाच्याच वाट्याला येते.

तेव्हा मागणे मोठे नाही. सिरसाळ्याला कर्करोग रुग्णालय बांधा असे कोणी म्हणत नाही. पाच वर्षांतून एकदा उगवणाऱ्या आजारासाठी तसे करणे हा पैशांचा चुराडा. पण अंगणवाडीताई आणि आशाताईच्या हाती एक पान द्यावे. आठ वर्षांच्या आत मुलीला, नऊच्या आत मुलाला वयात आल्याची चिन्हे, अचानक गोल झालेला चेहरा, पोटात घट्ट गोळा, विनाकारण लंगडणे, डोळ्यांभोवती काळेपणा. यांतले काही दिसले तर गंडा-दोरा नाही, लाज नाही, थेट डॉक्टर. प्राथमिक आरोग्य केंद्रात लहान मुलाच्या दंडाला बसेल असा रक्तदाबाचा पट्टा हवा आणि तो वापरण्याची सवय हवी. ऊसतोडीला निघणाऱ्या मुलांची तपासणी दसऱ्याआधी आणि परतल्यावर व्हावी, आणि तिचा कागद कारखान्याच्या गावीही चालावा.

तिसरी गोष्ट काचपट्टीची. मूल हलवणे महाग, काचपट्टी हलवणे स्वस्त. तिच्यासोबत मुलाचे वय, रक्तदाब, सोनोग्राफी आणि संप्रेरकांचे आकडे गेले पाहिजेत. नुसती ‘पोटात गाठ’ एवढी चिठ्ठी असली तर मोठ्यातला मोठा तज्ज्ञही आंधळा. अंबाजोगाईच्या महाविद्यालयाने जिल्ह्यासाठी हे ठाणे व्हावे, आणि तिथे शंका राहिली तर काचपट्टी छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात किंवा मुंबईच्या टाटात जावी. २०१२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय कर्करोग जाळ्याचा हेतू तरी दुसरा काय आहे? ज्याने आयुष्यात अशी एक गाठ पाहिली त्याच्या डोळ्याला, ज्याने पन्नास पाहिल्या त्याच्या डोळ्याची जोड मिळावी.

आणि चौथी गोष्ट पैशांची. २०१२ मध्ये सुरू झालेली जीवनदायी योजना २०१७ पासून महात्मा फुल्यांच्या नावाने चालते. ती उपचाराचा मोठा भार उचलते. मुंबईत उपचारांसाठी आलेल्या मुलांच्या कुटुंबांना २००६ पासून सेंट ज्यूडची केंद्रे फुकट निवारा देतात. ही दारे निदान झालेल्यांसाठी उघडी आहेत. निदानाआधीचा काळ मात्र उघड्यावर असतो. एसटीचे भाडे, बुडालेली रोजी, खासगी स्कॅनचे बिल, आणि फडावरून उठलो तर मुकादम काय म्हणेल याची धास्ती. पुष्कळ आईबाप हरतात ते इथेच, रोगाचे नाव कळण्याच्या आधी. संशयित मुलाच्या तपासणीचा आणि प्रवासाचा खर्च योजनेत आला, तर पाच वर्षांतून एक वाचेल ते सालीच्या गाठीचे मूल. पण त्याच वाटेने दरवर्षी न्यूरोब्लास्टोमाची, मूत्रपिंडाच्या गाठींची, मानेतल्या क्षयाची कितीतरी मुले वेळेवर पोचतील. दुर्मीळ रोगासाठी बांधलेला रस्ता रोजच्या रोगांनाही लागतोच.

बीड जिल्हा परिषदेला आणि अंबाजोगाईच्या महाविद्यालयाला हे येत्या दसऱ्याआधी सुरू करता येईल. यंत्रे बव्हंशी आहेत, माणसे आहेत, ज्ञान तर घरचेच आहे. एक पान छापायचे, एक पट्टा घ्यायचा आणि काचपट्टीच्या डबीवर पत्ता लिहायचा.